सात पुटांचा रंग आणि एक फुकट ॲप: कोकणात लघुपट करणाऱ्यांसाठी ‘ब्लॅकमॅजिक कॅमेरा’चं परीक्षण

मोबाइलचा नेहमीचा कॅमेरा आमसुलं काळी होऊ देत नाही. मे महिन्यात मालवण-कुडाळकडच्या कुठल्याही खळ्यात डोकावलात तर रातांब्यांची सोलं वाळत पडलेली दिसतील. फळ फोडायचं, गर आणि बिया वेगळ्या काढून मीठ घालून रस सुटू द्यायचा, सोलं त्या रसात भिजवून उन्हात टाकायची आणि वाळली की पुन्हा रसात. अशा एका फेरीला एक पूट म्हणतात. पाच-सात पुटं चढेपर्यंत पहिल्या दिवशीची लालभडक साल आधी जांभळट आणि मग काळीकुट्ट होते. लघुपटात आठवडा उलटल्याचं दाखवायला याहून चांगली युक्ती शोधून सापडणार नाही. रोज त्याच वेळी त्याच जागेवरून एक शॉट घ्यायचा आणि सातही शॉट एकापुढे एक लावायचे. ‘एक आठवड्यानंतर’ अशी पाटी लागत नाही, भिंतीवरचं कॅलेंडरही फडफडवावं लागत नाही.

युक्ती फसते ती फोनच्या शहाणपणामुळे. चौकटीत काळं वाढलं की फोन उजेड वाढवतो, लाल वाढलं की पांढऱ्याचा तोल निळ्याकडे ढकलतो. समोर काहीही असलं तरी सरासरी चित्र मध्यम राखाडीच्या आसपास आणून ठेवायचं, एवढंच त्याला शिकवलेलं असतं. परिणामी सातव्या दिवशीची सोलं पहिल्या दिवसाच्याच जवळपास दिसतात आणि मधला आठवडा गायब होतो. कल्पना दिग्दर्शकाची, निर्णय मात्र फोनचे. ते निर्णय परत मागून घ्यायची सोय म्हणून हे ॲप बघायला हवं. त्यामुळे ‘सिनेमॅटिक लुक देतं का?’ या प्रश्नाला इथे फारशी जागा नाही. देत नाही. या ॲपमधून आलेलं चित्र पहिल्या दिवशी फोनच्या कॅमेऱ्यापेक्षा फिकट आणि वाईटच वाटण्याचा संभव जास्त.

ब्लॅकमॅजिक डिझाइन ही ऑस्ट्रेलियातली कंपनी. हे ॲप आयफोनवर सप्टेंबर २०२३ मध्ये आलं आणि अँड्रॉइडवर २०२४ च्या जूनमध्ये. पैसे पडत नाहीत, जाहिराती येत नाहीत, चित्रावर कंपनीचा शिक्काही उमटत नाही. मग फुकट का? कंपनी सिनेमाचे कॅमेरे विकते आणि डाविंची रिझॉल्व्ह हे संकलनाचं सॉफ्टवेअरही तिचंच. ते तिने २००९ मध्ये विकत घेतलं. फोनवर ज्याला या मांडणीची सवय लागेल तो उद्या त्यांचाच कॅमेरा घेईल, असा सरळ हिशेब आहे. गिऱ्हाईक होणं आपल्या हातात आहे, तोवर ॲप वापरायला हरकत नाही. एक अट लक्षात ठेवा: अँड्रॉइडवर ते सगळ्या फोनांवर सारखं चालत नाही. चालणाऱ्या फोनांची यादी बघूनच बेत आखा, आणि आपल्या फोनच्या सगळ्या लेन्स ॲपमध्ये दिसतात का हे शूटिंगच्या आदल्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी तपासा.

आधी २५, मग १/५०

ॲप उघडल्यावर वरच्या पट्टीत लेन्स, फ्रेमचा वेग, शटर (प्रत्येक फ्रेम किती वेळ उजेड घेते), आयएसओ (सेन्सरची उजेडाबद्दलची संवेदनशीलता), पांढऱ्याचा तोल आणि टिंट (हिरवट-किरमिजी कल) असे आकडे दिसतात. एकेकाला बोट लावून ‘ऑटो’ काढून टाकायचं, हे पहिलं काम.

फ्रेमचा वेग २५ ठेवा. परदेशी व्हिडिओ बघून २४ चा आग्रह धरणारे बरेच असतात. धरायला हरकत नाही, पण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात. २५ फ्रेम आणि १/५० शटर असलं की मिणमिण दिसत नाही. २४ ला १८० अंशांचं, म्हणजे फ्रेमच्या निम्म्या वेळेचं, शटर लावलं की ते १/४८ होतं आणि घरातल्या दिव्याखाली चित्रावरून पट्टे सरकू लागतात. २४ च हवे असतील तर शटर अंशांत मोजण्याची सोय वापरून १७२.८ अंश लावा, तेही १/५० च होतं. संथ गतीसाठी ५० फ्रेम घेतल्या तर शटर १/१००. या आकड्यांवर मिणमिणणारा एलईडी बल्ब दिसला तर सेटिंगशी झटापट करू नका, बल्ब बदला.

आता खरी अडचण. फोनच्या लेन्सला छिद्र लहान-मोठं करायची सोय बहुधा नसते. मुख्य लेन्स एफ/१.८ च्या आसपास कायमची उघडी. भर उन्हात आयएसओ ५० ला बरोबर उजेडासाठी शटर १/४००० च्या जवळ जातं. शटर १/५० वर अडवून धरायचं तर सव्वासहा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड बाहेरच थांबवला पाहिजे. म्हणजे लेन्सपुढे एनडी ६४, उजेड अडवणारी राखाडी काच. पांढऱ्या वाळूवर दुपारी आणखी एक स्टॉप लागतो, तिथे एनडी १२८. पोफळीच्या बागेत सावलीत एनडी ८ पुरतो, कधी तोही जड होतो. बाजारात मिळणारा फिरवायचा एनडी बहुतेकदा दोन ते पाच स्टॉपांचा असतो. किनाऱ्यावर मे महिन्यात तो अपुरा, आणि टोकापर्यंत फिरवला की आभाळात काळी फुली उमटते. शिवाय तो ध्रुवीकरण करतो. फिरवला की पाण्यावरची चमक कमी-जास्त होते. एका शॉटमध्ये खाडी आरशासारखी आणि पुढच्यात तळ दिसणारी, हे संकलनाच्या टेबलावर कळलं तर उपाय नसतो. ठरावीक आकड्याचे तीन वेगवेगळे एनडी बाळगणंच बरं.

एनडी न लावता शटर १/४००० वर सोडलं तर काय बिघडतं? लाटेचा प्रत्येक थेंब सुईसारखा टोकदार दिसतो, माडाची झावळी तुटक-तुटक हलते. मारामारीच्या किंवा भीतीच्या प्रसंगात हे मुद्दाम वापरता येईल. आजी सूप पाखडते आहे अशा शॉटमध्ये मात्र प्रेक्षकाला कारण न कळता खटकतं.

नीळ घातलेलं धोतर

पांढऱ्याचा तोल साधायला समोर काहीतरी खरंच पांढरं किंवा राखाडी धरावं लागतं. घरात हाताशी मिळतं ते धोतर किंवा पंचा. पण कापडाला नीळ दिलेली असते, साबणाच्या पुडीतही कपडा उजळ दिसावा म्हणून रसायनं असतात. त्यावर तोल धरला की माणसं पिवळी पडतात. राखाडी कार्ड घ्या, अगदीच नसेल तर झेरॉक्सचा साधा कागद चालवा. तोही तंतोतंत नाही, पण धोतरापेक्षा बरा.

मोकळ्या उन्हात ५६०० केल्विन लावून कुलूप घाला. कोकणात खरा घोळ टिंटचा. जांभ्याच्या गडग्याशेजारी उभ्या माणसाच्या गालावर तांबूस छटा चढते आणि दाट वाडीत झाडाखाली हिरवी. हिरवी छटा मारायला टिंट किरमिजीकडे थोडी सरकवावी लागते. पण किती? हा प्रश्न तांत्रिक राहत नाही. गोष्ट वाडीतल्या गारव्याची असेल तर हिरवटपणा थोडा राहू द्यावा. तापानं फणफणलेल्या पोराची असेल तर अजिबात काढू नये. एका प्रसंगात मात्र आकडा एकच ठेवायचा. ॲपमध्ये सगळी जुळवणी प्रीसेट म्हणून साठवता येते: ‘खळं सकाळ’, ‘माजघर’, ‘पुळण संध्याकाळ’ अशा नावांनी ठेवली की दुसऱ्या दिवशी आठवण्यावर भिस्त राहत नाही.

आमसुलांचा शॉट आता जमेल. वेळ सकाळी दहा, ५६०० केल्विन, आयएसओ सर्वांत कमी, शटर १/५०, एनडी ६४. तिवईच्या तीन पायांखाली जमिनीत तीन खिळे ठोकून ठेवा, उंची पट्टीने मोजून लिहून ठेवा. फोकसही हातानं लावून कुलूपबंद करायचा. ॲप धारदार कडांवर रंगीत रेघा दाखवतं, त्यावरून कळतं. लेन्स आपण निवडलेलीच राहते, हा ॲपचा मोठा गुण. नेहमीचा कॅमेरा जवळ गेलं की न विचारता दुसऱ्या लेन्सवर उडी मारतो.

काचेचं कौल

जुन्या घरांत माजघरात उजेड यावा म्हणून छपराला एखादं काचेचं कौल बसवलेलं असतं. त्यातून येणारा कवडसा हा कोकणातल्या लघुपटाला फुकट मिळालेला सर्वांत चांगला दिवा आहे, आणि सर्वांत बेभरवशाचाही. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. छप्पर दहा फुटांवर असेल तर दुपारच्या सुमाराला कवडसा पाव तासात जवळजवळ वीतभर हलतो. माणसाच्या डोळ्यांवर ठेवलेला उजेड तीन टेकमध्ये कानावर जातो. म्हणून अगोदरच्या दिवशी त्याच वेळी जमिनीवर खडूने दर दहा मिनिटांची खूण करून ठेवायची, आणि नटाला कवडशात बसवण्याऐवजी कवडसा जिथे येणार तिथे बसवायचं. मोठा शॉट आधी, जवळचा नंतर, ही नेहमीची पद्धत इथे उलटी करा. चेहऱ्याचा जवळचा शॉट कवडसा बरोबर असताना, मोठा शॉट नंतर. मोठ्यात तो वीतभर सरकलेला कुणी मोजत बसत नाही.

उजेड मोजायला ॲपमध्ये फॉल्स कलर आहे. चित्राऐवजी रंगांचे पट्टे दिसतात: हिरवा म्हणजे मध्यम राखाडी, गुलाबी म्हणजे त्याहून एक स्टॉप वर. गोऱ्या चेहऱ्याचा उजेडाकडचा गाल गुलाबीत येतो. उन्हात रापलेल्या खारव्याचा चेहरा गुलाबीत ओढू नका, त्याची जागा हिरव्यातच आहे. शिकवणीच्या व्हिडिओंत हे क्वचित सांगतात आणि मग दर्यावर्दी माणसं पावडर लावल्यासारखी दिसतात. कवडशाचा पांढरा मध्य जळतोय का हे झेब्राच्या तिरप्या रेघांवरून कळतं. तो थोडा जळला तर जळू द्या. आजूबाजूचा अंधार वाचवायला आयएसओ चढवायचा मोह होतो. लहान सेन्सरच्या फोनवर ८०० च्या पुढे अंधारात मुंग्या दिसू लागतात, आणि त्या मागाहून पुसायची सोय रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत नाही. ती स्टुडिओ आवृत्तीत मिळते, किंमत २९५ डॉलर, एकदाच. त्यापेक्षा दारात पांढरी चादर धरून बाहेरचं ऊन आत परतवा.

चुलीचा जाळ २००० केल्विनच्या आसपास असतो. तोल तिथे नेऊन ठेवला तर जाळ पांढरा होतो आणि चूल गॅसच्या शेगडीसारखी भासते. ३२०० ते ३५०० वर ठेवला की तांबूसपणा टिकतो. धूर हवा असेल तर ओली सोडणं घाला, पण नटांच्या डोळ्यांचा विचार करून दोन टेकमध्ये आटपा.

चौकटीच्या मापाबद्दल थोडं. ॲपमध्ये वेगवेगळ्या प्रमाणांच्या रेषा पडद्यावर आखता येतात आणि जो तो २.३९ ला १ ही लांबट चौकट लावतो, कारण ती ‘सिनेमासारखी’. पुळणीवर ती शोभते. पण रत्नागिरीकडच्या पाखाडीत, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे आणि वर चढत जाणाऱ्या पायऱ्या, तिथे लांबट चौकट माडाचा शेंडाही कापते आणि पायऱ्याही. पाखाडीला ४ ला ३ बसते. पूर्ण लघुपट पाखाड्या, माजघर आणि विहिरीभोवती घडत असेल तर अख्खाच त्या चौकटीत करावा. रेषा नुसत्या पडद्यावर असतात, चित्र पूर्ण रेकॉर्ड होतं, त्यामुळे मत बदललं तरी वाट बंद होत नाही.

समुद्राचं वेळापत्रक

आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी उजेड डोंगराकडून येतो, समुद्र समोरून उजळतो, पाणी निळं-हिरवं दिसतं, आणि समुद्राकडे पाठ करून उभ्या माणसाच्या तोंडावर छान ऊन पडतं. संध्याकाळी सगळं उलट: समुद्र चकाकतो, माणूस काळा होतो. त्यामुळे चेहऱ्यावरचे संवाद पुळणीवर सकाळी घ्यावेत, न बोलता चालणं-थांबणं संध्याकाळी. सूर्य बुडाल्यावर वापरण्याजोगा निळसर उजेड आपल्या अक्षांशाला साधारण बावीस-पंचवीस मिनिटं टिकतो. तेवढ्यात दोन शॉट होतात. चार लिहिले असतील तर दोन आत्ताच खोडा.

सलगता मोडते ती भरती-ओहोटीमुळे. भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते. काल चार वाजता ओल्या वाळूवर घेतलेला अर्धा प्रसंग आज चार वाजता घ्यायला गेलात तर पाण्याची रेघ हललेली असते. कोळ्यांचा तोंडी हिशेब इथे कामाला येतो: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी पुरती सुकती. चतुर्थीला निम्मा राहिलेला प्रसंग पंधरवड्यानंतर येणाऱ्या चतुर्थीला त्याच वेळी घेतला तर पाणी जवळपास तिथेच असतं. एकाच पक्षातली अष्टमी चालणार नाही: अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, अष्टमीच्या भांगात हालचाल कमी. वेळ जुळली तरी रेघ जुळत नाही. लेखकाने पटकथा लिहितानाच पंचांग जवळ घेतलं तर निम्मी भांडणं मिटतात.

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव भरतो. शॉर्ट फिल्मवाल्यांचं ते लाडकं ठिकाण. मागे सूर्य, पुढे ओल्या मासळीची चांदी. ऑटोवर सोडलेला फोन सुरमईच्या पाठीवरून चेहऱ्यावर गेला की प्रत्येक वेळी उजेड उचकी देतो. आधी मासळीवर झेब्रा नुसता दिसेनासा होईपर्यंत एनडी चढवा, मग कुलूप. चेहरे काळसर येतील, येऊ देत. त्या उजेडात ते तसेच असतात. गाठ मारून ठेवायची गोष्ट: लिलाव चालू असताना कोळणींना पुन्हा बोला म्हणू नये. तो त्यांचा धंदा आहे. ज्यांच्या तोंडावर कॅमेरा धरायचा त्यांना आधी विचारा, आणि नाही म्हणाल्या तर टोपल्या, हात, बोटांच्या खुणा घ्या. पुष्कळदा तोच शॉट सरस निघतो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो. किल्ला केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तिथे तिवई लावून चित्रीकरण करायचं तर परवानगी आधी काढा. बंदरावरून मागे दिसू द्यायला ती भानगड नाही.

फेरीबोटीवर, म्हणजे दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ अशा ठिकाणी, फोनचं स्थिरीकरण बंद करा. बोटीचा कठडा, क्षितिज आणि माणूस तिघं तीन वेगानं हलतात. स्थिरीकरण कुणाला धरावं या गोंधळात कडा वितळवतं. ॲपमध्ये ते पूर्ण बंद करता येतं, ही सोय नेहमीच्या कॅमेऱ्यात सहसा नसते. तिवईवरही बंदच ठेवा, नाहीतर शॉटच्या शेवटी चित्र आपोआप सरकतं. दाभोळला वाशिष्ठीचं मुख ओलांडायला लागणारी मिनिटं ही एका अखंड टेकसाठी तयार चौकटच आहे: सुरुवात, मध्य, शेवट बोट ठरवते, लेखकानं त्यात दोन माणसं बसवायची.

आवाज

ॲपमध्ये आवाजाची पट्टी ठळक दिसते, बाहेरचा माइक निवडता येतो. बोलण्याची शिखरं उणे १२ डेसिबलजवळ ठेवा, नमुना-वेग ४८ किलोहर्ट्झ. पण किनाऱ्यावर ॲपचा इलाज संपतो. लाटेचा आवाज जाड-बारीक सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो, माणसाच्या आवाजाच्या पट्टीतही. मागाहून तो चाळून काढला की बोलणं डब्यातून आल्यासारखं होतं. कॉलर माइक कपड्याच्या आत, हाडाच्या खोलगटात, वर केसाळ टोपी. नायलॉनच्या साडीत माइक खरखरतो, सुती चालते. आणि प्रसंग झाल्या झाल्या, नटांची लय डोक्यात असतानाच, त्यांना सुरूच्या बनामागे नेऊन तेच संवाद नुसते रेकॉर्ड करा. गुहागरसारख्या ठिकाणी बनाच्या पलीकडे गेलं की गाज बरीच खाली येते. मग लाटा वेगळ्या, एक मिनिट सलग. माजघराचीही शांतता एक मिनिट घ्या: तिथे पंखा बंद, फ्रिज बंद, आणि फ्रिज पुन्हा चालू करायचं कुणाकडे ते ठरवून, नाहीतर घरमालकाची मासळी नासते.

आमसुलांच्या त्याच गोष्टीतला एक प्रसंग घ्या. मुलगा विचारतो, “आये, सोलांका पुटां किती झाली गो?” म्हातारी मान वर न करता म्हणते, “मोजतंस कित्याक? रंग बघ.” दोनच वाक्यं. संपूर्ण लघुपटाचा सांधा या दुसऱ्या वाक्यात आहे आणि ते सुपाच्या आवाजाखाली गेलं तर काहीच उरत नाही. इथे सूप थांबवायचं की वाक्य आधी घ्यायचं, हा निर्णय कागदावरच व्हायला हवा. सूप थांबतं आणि मग ती बोलते असं लिहिलं, तर आवाजाची अडचणही सुटते आणि थांबण्याला अर्थही येतो.

ऊन, खार आणि जागा

मेच्या उन्हात ४के रेकॉर्ड करताना फोन तापतो, आधी पडदा अंधुक करतो, मग थांबतो. कव्हर काढा, एअरप्लेन मोड लावा, टेकच्या मधल्या वेळात छत्रीखाली ठेवा. बर्फाच्या पिशवीवर मुळीच ठेवू नका. आत दव धरतं. वातानुकूलित गाडीतून दमट हवेत फोन काढला की लेन्सवर वाफ बसते, त्यालाही उपाय एकच: बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत पंधरा-वीस मिनिटं बाहेरच्या हवेवर येऊ द्यायचा. वाऱ्यासोबत येणारी खार तासाभरात काचेवर पातळ थर धरते आणि उजेड पसरल्यासारखा होतो. काहींना तो मऊपणा आवडतो, पण पुढच्या शॉटला तो तेवढाच येईल याची खात्री नाही, म्हणून पुसाच. आधी हवेच्या फुग्यानं वाळूचे कण उडवा, मग डिस्टिल्ड वॉटरनं किंचित ओलसर केलेलं मऊ कापड. शर्टाचं टोक किंवा पदर वापरला की मिठाचे कण काचेवर घासले जातात.

जागेचा हिशेब: एच.२६५ या फाइल आवळून ठेवणाऱ्या फॉरमॅटला सेकंदाला ८० मेगाबिट ठेवले तर मिनिटाला सुमारे ६०० एमबी. प्रोरेस या फॉरमॅटला ४के मध्ये मिनिटाला ६ जीबीच्या आसपास लागतात. आठ मिनिटांच्या लघुपटासाठी ऐंशी मिनिटं चित्रीकरण धरलं तर पहिल्यात ४८ जीबी, दुसऱ्यात ४८० जीबी. प्रोरेस फक्त आयफोनच्या प्रो फोनांवर, आणि आयफोन १५ प्रोपासून यूएसबी-सीने बाहेरच्या डिस्कवर थेट उतरवता येतं. पण खरं सांगायचं तर वाडीत दोन दिवसांत उरकायच्या लघुपटाला एच.२६५ पुरतं. लॉगमध्ये (मागाहून रंग भरायला ठेवलेल्या फिकट चित्रात) रेकॉर्ड करणाऱ्यांनी एक बघावं: पडद्यावर नीट दिसावं म्हणून लावलेलं लट (एलयूटी, रंग बदलणारा तक्ता) फाइलमध्येही छापलं जाण्याची खूण चालू राहिलेली नाही ना.

ॲपमध्येच पाटी भरता येते, प्रसंग आणि टेकचा आकडा फाइलसोबत जातो. याचा कंटाळा करणाऱ्यांना संकलनाच्या वेळी पस्तावावं लागतं. रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती ३८४० बाय २१६० आणि ६० फ्रेमपर्यंत फाइल काढून देते, म्हणजे लघुपटाला कमतरता नाही. प्रोजेक्टचा फ्रेमवेग मात्र पहिली फाइल आत टाकण्यापूर्वी २५ वर आणा, नंतर तो बदलू देत नाही. लिनक्सवर फुकट आवृत्ती एच.२६४ आणि एच.२६५ उघडत नाही. साध्या लॅपटॉपवर ४के अडखळलं तर प्रॉक्सी, म्हणजे हलक्या नकला, बनवून घ्या, शेवटी मूळ फाइलींवर परत या.

ॲपचे दोष मोजायचे तर: मांडणी मराठीत नाही. सेटिंगांच्या खोलीत नवशिका हरवतो, आणि चुकून चालू राहिलेल्या एका ‘ऑटो’कडे लक्ष वेधायला ते ओरडत नाही. रात्रीच्या अंधारात फोनचा स्वतःचा कॅमेरा दहा युक्त्या लढवून जे उजळ चित्र देतो तसं हे देत नाही. दशावताराचा रात्रीचा प्रयोग टिपायचा असेल, दिवे रंगमंचावरचे आणि आपल्या हातात काहीच नसेल, तर नेहमीचा कॅमेरा अधिक सोयीचा पडू शकतो. लग्न, सत्यनारायण, गणपतीतली आरती, यांसाठी हे ॲप घेऊच नका. ज्यांची पटकथा अजून ‘चाकरमानी गावाला येतो, घर विकायचं असतं, आजी गप्प असते’ इतकीच आहे, त्यांनाही घाई नाही. तेच घर, तीच आजी चालेल. पण आजी गप्प असताना हात काय करतात ते आधी लिहा.

आणि सातव्या दिवशी ढग आले तर? मे अखेरीस येतातच. उजेड दोन-तीन स्टॉप खाली जाईल, सोलं अंगणापेक्षाही काळी दिसतील, एनडी काढायला हात शिवशिवेल. काढू नका. तसाच एक शॉट घ्या, मग एनडी १६ लावून दुसरा. आठव्या दिवशी ऊन पडलं तर तिसरा. खिळे पाऊस लागेपर्यंत उपटू नका.